आवाज दुसऱ्या मशीनमध्ये: लिनक्स बोलायला लागलं त्याची गोष्ट

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण किल्ले नाहीत, लढाया नाहीत. एक रात्र आहे, एक मुका झालेला कंप्युटर आहे, आणि पुण्यात वाढलेला एक माणूस आहे, ज्याच्या कामाचा एक तुकडा आत्ता तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. तुम्ही बहुतेक तो कधी चालू केला नसेल. मीही त्या रात्रीपर्यंत त्याकडे नीट बघितलं नव्हतं.

झालं असं. मी पुण्यात, खोलीवर. रात्रीचे साडेनऊ. धाराशिवहून दादाचा फोन. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. लहानपणीच त्याची दृष्टी गेली. आता तो घरी बसून शाळेची पुस्तकं ब्रेल छपाईसाठी तयार करून देतो. म्हणजे मजकूर टाइप करायचा, तपासायचा, ब्रेलमध्ये बदलायचा, फाइल पाठवायची. सगळं काम लिनक्सवर, सगळं कानाने.

"का रे, जेवलास का?"

"जेवलो दादा. बोल ना."

"कंप्युटर बोलंना गेलाय."

आता हे वाक्य तुम्हाला किरकोळ वाटेल. स्पीकर गेला असेल, बघू उद्या! पण जरा विचार करा. तुमच्या फोनची स्क्रीन पूर्ण काळी झालीय. आवाजही नाही, व्हायब्रेशनही नाही. फोन चालू आहे की बंद, तेच कळत नाही. आणि सकाळी दहाच्या आत दहावीच्या बीजगणिताची फाइल एका शाळेला जायचीय, कारण पोरांची परीक्षा तोंडावर आलीय. घरात दुसरं कुणी नाही. सगळे तुळजापूरला दर्शनाला गेलेत, सकाळशिवाय येत नाहीत. दादाच्या मशीनला मॉनिटरसुद्धा नव्हता. त्याने तो कधीच काढून टाकला होता. "मला काय करायचाय? जागा अडते," म्हणायचा. खरं होतं त्याचं.

मी इंजिनिअर माणूस. पहिला प्रश्न काय विचारला माहितीय? "दादा, स्क्रीनवर काय दिसतंय?" सवय हो, दुसरं काय. तो दोन सेकंद गप्प बसला, मग हसला. मला मात्र लाज वाटली.

मग म्हटलं, लांबून शिरू मशीनमध्ये. हल्ली आपण काय करतो? स्क्रीन शेअर करणारं एखादं ॲप लावतो, समोरच्याला नऊ आकडी नंबर विचारतो, आणि त्याचा माउस आपण फिरवतो. पण तो नंबर समोरच्याला वाचता आला पाहिजे, परवानगीच्या खिडकीत 'ॲक्सेप्ट' दाबता आलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे ही ॲप्स पाठवतात काय, तर स्क्रीनचं चित्र. स्क्रीन रीडरला चित्र वाचता येत नाही. त्याला अक्षरं लागतात. आमचा आजचा विषय या एका फरकावर उभा आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. दादा दहा मिनिटं थांबेल, त्याला चहा टाकायचा होता.

स्क्रीन रीडर म्हणजे काय? कंप्युटरवर जे अक्षररूपात आहे ते उचलायचं आणि आवाजाच्या यंत्राला द्यायचं, एवढंच. १९८० च्या दशकात घरगुती कंप्युटर डॉसवर चालायचे. स्क्रीनवर फक्त अक्षरं, पंचवीस ओळी, ऐंशी रकाने. ती वाचणं सोपं होतं. त्यामुळे डॉससाठी बोलणारे प्रोग्राम लवकर आले. आवाज काढायला वेगळी डबी असायची, सिरियल केबलने जोडलेली. त्यातली सगळ्यात नावाजलेली डेकटॉक, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीची, १९८० च्या दशकाच्या मध्यावरची. तिच्यामागे एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांचं संशोधन होतं. स्टीफन हॉकिंग यांचा तो प्रसिद्ध यांत्रिक आवाज आठवतोय ना? त्याचं मूळही क्लॅट यांच्याच कामात आहे.

पण युनिक्स, आणि १९९१ नंतर लिनक्स, बोलत नव्हतं. मग दृष्टिहीन प्रोग्रामर काय करायचे? ते शेजारी बोलणारा डॉसवाला कंप्युटर ठेवायचे, तो केबलने किंवा मोडेमने युनिक्सच्या मशीनला जोडायचे आणि तिथून लॉगिन करायचे. युनिक्स अक्षरं पाठवायचं, डॉस ती वाचून दाखवायचं. काम एका मशीनवर, आवाज दुसऱ्या मशीनवर. आपण रिमोट ॲक्सेस म्हणजे सोय समजतो, ऑफिसला न जाता काम करायची. या लोकांसाठी मशीनपर्यंत पोचायचा तोच एक रस्ता होता. मशीन टेबलावर समोर असलं तरी त्यात लांबूनच शिरायचं!

हे ऐकून मला दादाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळायला हवं होतं. मिळालं नाही. ते दादालाच सुचलं.

"माझा फोन तर बोलतोय की," तो म्हणाला. "फोनवरून मशीनमध्ये जाता येईल का?"

येईल की! त्याच्या अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप होतं, ते म्हणजे फोनमधलं छोटं लिनक्सच. त्यातून त्याने घरच्या वायफायवर कंप्युटरला पिंग केलं. राउटरमध्ये मशीनला पक्का पत्ता देऊन ठेवलेला होता, तो त्याला पाठ होता. उत्तर आलं. म्हणजे मशीन जिवंत आहे, नेटवर्कवर आहे. मग एसएसएच लावलं. फोनमधलं टॉकबॅक बोललं, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'.

मी खूश झालो. दादा वैतागला. पण बघा, 'टाइम आउट' आलं असतं तर काहीच कळलं नसतं. पत्ता चुकला, मशीन बंद पडलं, मध्ये कुणी अडवलं, काहीही असू शकतं. 'रिफ्यूज्ड' म्हणजे घरात माणूस आहे, त्याने तुमची हाक ऐकली आणि सांगितलं की या दारावर कुणी बसलेलं नाही. एसएसएचची सेवा बंद होती. का बंद होती? कारण दोन महिन्यांपूर्वी मीच ज्ञान दिलं होतं, "दादा, वापरत नसशील तर बंद ठेव, सुरक्षित असतं." त्याने ऐकलं होतं.

आता ती सेवा चालू करायला मशीनच्या कीबोर्डवर कमांड द्यायची. स्क्रीन नाही, आवाज नाही. अंधारात बाण मारायचा.

आणि इथे मी तुम्हाला पुण्यातल्या त्या माणसाकडे नेतो, कारण असा अंधारात टाइप करायचा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडवलाय.

टी. व्ही. रामन. जन्म १९६५, लहानपण पुण्यातलं. जन्मापासून थोडंच दिसायचं, काचबिंदू होता. चौदाव्या वर्षी, १९७९ मध्ये, तेही गेलं. घरचे आणि इतर लोक वाचून दाखवायचे, हे ऐकून शिकायचे. पुण्याच्या नौरोसजी वाडिया कॉलेजात गणितात बीए केलं, मग आयआयटी मुंबई. तिथे राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी त्यांना पुस्तकं वाचून दाखवायला यायचे. एनएसएस म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सात दिवसांचं शिबिर, गावातला रस्ता झाडणं आणि दोन मार्क. मीही केलंय. पण त्या पोरांनी गणिताची आणि कंप्युटरची पुस्तकं मोठ्याने वाचली, आणि त्यातून काय उभं राहिलं ते पुढे बघा.

आयआयटीत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी रामन यांनी एक प्रोग्राम लिहिला. नाव कॉन्ग्रॅट्स. त्यात आलेखाची वक्ररेषा कानाने ऐकता यायची. परवलय कसं दिसतं हे आपण फळ्यावर बघितलं. हे ते ऐकत होते.

पुढे कॉर्नेल विद्यापीठ, अमेरिका. तिथे त्यांना गाइड डॉग मिळाला, काळी लॅब्राडॉर, नाव ॲस्टर. पीएचडीसाठी त्यांनी जी यंत्रणा बांधली तिचं नावही ॲस्टर, कुत्रीवरून. १९९४ मध्ये पीएचडी झाली आणि त्या प्रबंधाला एसीएमचा त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रबंधाचा पुरस्कार मिळाला. कंप्युटर सायन्समध्ये हे फार मोठं मानतात.

ॲस्टर काय करायचं? गणित वाचायचं. यात काय अवघड? मी आत्ता तुम्हाला म्हणतो, "ए अधिक बी भागिले सी." सांगा, वर ए अधिक बी आणि खाली सी? की ए वेगळा आणि बी भागिले सी वेगळं? डोळ्याला एका नजरेत दिसतं, कानाला दिसत नाही. रामन यांनी आवाजालाच आकार दिला. घातांक आला की स्वर वर चढायचा, पादांक आला की खाली. कंस, अपूर्णांक, सगळ्याला आवाजाची वेगळी ठेवण. शिवाय लांबलचक समीकरण आधी थोडक्यात ऐकायचं आणि मग हव्या त्या भागात आत शिरायचं, अशी सोय. डोळे असलेला माणूस नेमकं हेच करतो, फक्त त्याला ते जाणवत नाही.

दादा त्या रात्री बीजगणिताचीच फाइल घेऊन बसला होता. वर्गसमीकरणांचं प्रकरण. मराठीत ही सोय अजून तशी नाही. तो प्रत्येक सूत्र कीबोर्डच्या बाणाने एकेक अक्षर ऐकून तपासतो. एका पानाला अर्धा तास जातो कधी कधी. त्यामुळे आवाज गेला म्हणजे नुसती फाइल अडकली असं नाही. कुठल्या सूत्रापर्यंत आलो होतो, शेवटचं सेव्ह झालं होतं का, तेही गेलं.

बरं, पुढे. पीएचडीनंतर रामन डिजिटल कंपनीच्याच केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेत लागले, म्हणजे डेकटॉकवाल्या कंपनीत. काम लिनक्स-युनिक्सवर, आणि तिथे बोलणारं काही नाही. मग १९९५ मध्ये त्यांनी ईमॅक्सस्पीक लिहिलं आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. ईमॅक्स हा तसा मजकूर लिहायचा प्रोग्राम, पण त्याचे भक्त त्यातच मेल वाचतात, कोड लिहितात, कॅलेंडर बघतात. आमच्या ऑफिसात एक जण आहे, तो त्यातून बाहेरच येत नाही.

ईमॅक्सस्पीकमधली युक्ती मला फार आवडते. साधा स्क्रीन रीडर स्क्रीनवरची अक्षरं वाचतो. कॅलेंडरवर कर्सर १५ वर आला तर म्हणतो "पंधरा". कुठल्या महिन्याची पंधरा? वार कुठला? ते वरच्या ओळीत आणि बाजूला छापलेलं असतं, डोळा आपोआप जोडून घेतो. रामन म्हणाले, स्क्रीन वाचायचीच कशाला? कॅलेंडरच्या प्रोग्रामला तर तारीख ठाऊक आहे. तिथूनच घेऊ. मग आवाज वार, महिना, तारीख, वर्ष असं पूर्ण सांगतो. आणि हे करताना त्यांनी ईमॅक्सचा मूळ कोड बदलला नाही. प्रत्येक क्रियेला बाहेरून एक शेपूट जोडलं, 'हे झालं की हे बोल'.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, निदान आपल्या आजच्या विषयाला. बोलायचं काम त्यांनी वेगळ्या छोट्या प्रोग्रामला दिलं, त्याला स्पीच सर्व्हर म्हणतात. ईमॅक्स त्याला अक्षरांतून हुकूम पाठवतं, 'हे बोल', 'थांब', 'स्वर चढव'. आता अक्षरं काय, पाइपमधून जातात तशी नेटवर्कमधूनही जातात. त्यामुळे ईमॅक्स एका गावात, स्पीच सर्व्हर दुसऱ्या गावात, असंही जमतं. काम दूरच्या मशीनवर करा, आवाज तुमच्या टेबलावर येईल. ध्वनी पाठवायला जाड इंटरनेट लागतं, पण 'हे बोल' एवढं सांगायला काहीच लागत नाही.

१९९५ हे सालच जरा भारी होतं. त्याच वर्षी हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू यलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, कारण त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरले होते. त्याआधी टेलनेट चालायचं आणि पासवर्ड उघडा जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. त्याच वर्षी निखिल नायर यांनी बीआरएलटीटीवाय सुरू केलं, ज्याने लिनक्सचा काळा टर्मिनल ब्रेलच्या पट्टीवर बोटांखाली येतो. आणि त्याच वर्षी, १५ ऑगस्टला, व्हीएसएनएलने भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट चालू केलं. धाराशिवला ते पोचायला मात्र वेळ लागला. आमच्याकडे मी चौथीत असताना बस स्टँडजवळ सायबर कॅफे आलं, तेव्हा ते बघायला गेलो होतो.

हां, तर दादा कीबोर्डवर बसलाय. मी फोनवर.

लिनक्सची एक गंमत आहे. रंगीत डेस्कटॉपच्या मागे जुने काळे टर्मिनल अजून जिवंत असतात. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबलं की तुम्ही तिकडे जाता. तिथे यूझरनेम, एंटर, पासवर्ड, एंटर. एवढं दादाला जमणारच, त्याची बोटं चुकत नाहीत. प्रश्न हा की लॉगिन झालं हे कळणार कसं?

इथे दादाच्या जुनाट मशीनने साथ दिली. त्याला डीव्हीडी ड्राइव्ह आहे! लिनक्समध्ये 'इजेक्ट' अशी कमांड आहे, टाइप केली की ड्राइव्हचा कप्पा बाहेर येतो. लॉगिन झालं असेल तरच ती चालणार. कप्पा बाहेर आला की उत्तर 'हो'. अंधारात 'हो' ऐकायला ही जुनी युक्ती आहे.

पहिल्यांदा केलं. काही नाही. दादाने हात लावून बघितलं, कप्पा आतच.

"कॅप्स लॉक चालू असंल का?" तो म्हणाला.

असू शकतं. दिवा लागलाय का हे सांगणार कोण? पण कॅप्स लॉकला दोनच अवस्था. त्याला म्हटलं, एक मिनिट थांब, अर्धवट लॉगिन आपोआप सुटतं आणि नवं सुरू होतं. मिनिट संपल्यावर त्याने कॅप्स लॉक एकदा दाबलं, परत यूझरनेम, परत पासवर्ड, परत इजेक्ट.

फोनवर मला खर्रर्र ऐकू आलं. आम्ही दोघंही ओरडलो. शेजारचा रूममेट उठून बसला.

पुढचं सोपं होतं. सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट एसएसएच. पासवर्ड. मग फोन उचलून टर्मक्समधून परत एसएसएच, आणि या वेळी टॉकबॅकने पासवर्ड विचारला. दादा आत. फोन आता त्याच्या मशीनचा स्क्रीन रीडर झाला होता. टर्मक्समध्ये टॉकबॅक जरा अडखळतं, ओळी गाळतं, परत वाचतं, पण वाचतं.

आता टॉकबॅक आलं कुठून ते सांगतो, मघाशी म्हटलं होतं ना खिशातली गोष्ट. रामन ॲडोबी, आयबीएम असं करत २००५ मध्ये गूगलला गेले. तिथे त्यांनी आणि चार्ल्स चेन यांनी अँड्रॉइडसाठी 'आइज-फ्री' नावाचा प्रकल्प केला. तेव्हा टचस्क्रीन नवीन होती आणि अंध लोकांना वाटत होतं, संपलं, आता गुळगुळीत काचेवर काय चाचपडणार? त्यांनी फोन लावायचा जो डायलर केला त्यात तुम्ही काचेवर कुठेही बोट टेकवा, ते ठिकाण म्हणजे ५. मग तिथून वर सरकवलं की २, खाली ८. बटण शोधायचंच नाही, बटण बोटाखाली येतं. टॉकबॅक याच कामातून आलं, २००९ च्या अँड्रॉइड १.६ पासून. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत आहे बघा. चालू करण्याआधी बंद कसं करायचं ते वाचून घ्या मात्र, नाहीतर मला मेसेज कराल.

दादाला हे माहीत होतं का? होतं. रामन यांचं नाव त्याने मुंबईच्या एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, मी इंजिनिअरिंगला जाण्याच्याही आधी. महाराष्ट्रात मुक्त सॉफ्टवेअर आणि दृष्टिहीन माणसं हे जोडणाऱ्यांमध्ये मुंबईचे कृष्णकांत माने हे ठळक नाव आहे. ते स्वतः दृष्टिहीन प्रोग्रामर, 'जीएनयूखाता' हे हिशोबाचं मुक्त सॉफ्टवेअर त्यांच्या पुढाकाराने झालं. फुकट असण्याला तेव्हा फार अर्थ होता. विंडोजवरचा नावाजलेला स्क्रीन रीडर कंप्युटरपेक्षा महाग होता. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने विंडोजसाठी एनव्हीडीए हा मुक्त स्क्रीन रीडर लिहायला घेतला, त्यानंतर तिकडेही चित्र बदललं.

लिनक्सच्या बाजूला मधल्या काळात बरंच झालं. कॅनडातल्या कर्क रायझर यांनी स्पीकअप लिहिलं, ते थेट कर्नेलमध्ये बसतं, म्हणजे मशीन चालू होताना ज्या सूचना सरकतात त्यासुद्धा ऐकू येतात. फक्त ते कर्नेलच्या 'तात्पुरत्या' कोपऱ्यात जवळपास दहा वर्षं पडून होतं, २०२० मध्ये पक्कं घर मिळालं. आपल्याकडे रोजंदारीवरचा माणूस कायम होतो तसंच. डेस्कटॉपसाठी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये मार्क मल्केही यांनी ऑर्का सुरू केलं, २००६ मध्ये ते ग्नोम डेस्कटॉपचा भाग झालं. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलने घेतली आणि या कामावरची माणसं कमी झाली. तेव्हा जोनमेरी डिग्ज यांनी ऑर्काची जबाबदारी उचलली आणि ते चालू राहिलं. दादाच्या मशीनवर हेच ऑर्का. ते नसतं राहिलं तर दादाचं काम तेव्हाच बंद पडलं असतं.

डेबियनमध्ये साम्युएल थिबो आणि इतरांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला स्वतःला सगळ्यात भावते. इन्स्टॉलची डिस्क लावली की एक बीप वाजतो. तो ऐकला की 'एस' आणि एंटर दाबायचं, आणि इन्स्टॉलर बोलायला लागतो. २०११ च्या आवृत्तीपासून हे बोलणं आहे. म्हणजे कुणाच्याही मदतीशिवाय, कोऱ्या मशीनवर, दृष्टिहीन माणूस एकटा लिनक्स टाकू शकतो. दादाने असंच टाकलं होतं. मला त्याने ते झाल्यावर कळवलं, आधी नाही.

परत रात्रीकडे. साडेअकरा झाले होते. दादा फोनवरून आत होता, पण फोनच्या छोट्या कीबोर्डवर शोधाशोध करणं जिकिरीचं. मला आत घ्यायचं होतं. घरच्या वायफायमध्ये बाहेरून थेट शिरता येत नाही, राउटर अडवतो. मग उलटा बोगदा. दादाने आपल्या मशीनमधून माझ्या एका भाड्याच्या छोट्या सर्व्हरला एसएसएच केलं आणि त्यातून परत येण्याची वाट उघडी ठेवली. बाहेरून दार ठोठावायचं नाही, आतल्या माणसाने दोर टाकायचा. तो आदेश मी त्याला अक्षर अक्षर सांगितला, "वजा चिन्ह, मोठा आर, दोन हजार दोनशे बावीस, कोलन..." त्याने एकदा ऐकून बरोबर टाइप केला. मी अजून तो दर वेळी शोधून बघतो.

शिरलो. ऑर्का चालू होतं. बोलणारी सेवा चालू होती. आवाज १०० टक्के, म्यूट नाही. म्हणजे ऑर्का बोलतच होतं! मग आवाज जातोय कुठे? आवाज बाहेर पडायच्या वाटांची यादी मागवली. दोन निघाल्या. एक नेहमीचा स्पीकर. दुसरी एचडीएमआय, आणि मशीनने आपली मुख्य वाट म्हणून तीच धरलेली.

"दादा, मशीनला टीव्ही जोडलाय का?"

"न्हाई. मॉनिटरच नाही तर टीव्ही कशाला?" मग थांबला. उठला. मागे हात घालून चाचपलं. "थांब. ही एक वायर आहे इथं. ही माझी न्हाई."

मी एक ओळ टाकून आवाजाची वाट परत स्पीकरकडे वळवली. चालतंय का हे तपासायला मशीनलाच बोलायला लावायचं होतं. त्याला कमांड आहे, मराठी आवाजही निवडता येतो, ईस्पीकचा, कोरडा, नाकात बोलणारा. मी पुण्याहून टाइप केलं, 'दादा, जेवलास का'.

धाराशिवच्या त्या खोलीत त्याचं मशीन बोललं. फोनवरून मला ते ऐकू आलं, आणि दादा काही बोललाच नाही थोडा वेळ. मग म्हणाला, "जेवायचंच राहिलं बघ."

त्याने कंट्रोल, ऑल्ट, एफ२ दाबून डेस्कटॉपवर परत उडी मारली. फाइल उघडीच होती, कर्सर ज्या सूत्रावर होता तिथेच. सेव्ह मात्र सहा वाजताचं होतं, पण मशीन बंद केलं नव्हतं म्हणून काही गेलं नाही. संध्याकाळी वैतागून त्याने बटण दाबून बंद करायचा विचार केला होता म्हणे. त्याने रात्री तीनपर्यंत काम केलं, सकाळी सव्वानऊला फाइल गेली.

आता यातला शेवटचा भाग. विंडोजवर एनव्हीडीएसाठी २०१५ मध्ये क्रिस्टोफर टॉथ आणि टायलर स्पिव्ही यांनी एक जोड बनवली, एनव्हीडीए रिमोट. ती चित्र पाठवत नाही. इकडून कीबोर्डची बटणं जातात, तिकडून बोलायची वाक्यं अक्षरांत येतात आणि तुमचंच मशीन ती उच्चारतं. रामन यांच्या स्पीच सर्व्हरसारखंच, नाही का? २०२५ मध्ये ती एनव्हीडीएच्या आतच आली. दोन दृष्टिहीन माणसं एकमेकांचं मशीन दुरुस्त करू शकतात, मध्ये डोळस माणूस नको. ऑर्कासाठी इतकी तयार सोय मला सापडली नाही, म्हणून दादाने आता स्वतःची केलीय. एसएसएच कायम चालू, पण पासवर्डऐवजी किल्लीने. आणि लॉगिन झालं की मशीन बीप देतं. माझा सल्ला न विचारता केलं, हे बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुळजापूरहून मंडळी आली. वायरीचा उलगडा झाला. पुतण्याने मोठ्या स्क्रीनवर मॅच बघायची म्हणून हॉलमधला टीव्ही काकाच्या मशीनला जोडला होता. मॅच संपल्यावर रिमोटने टीव्ही बंद केला आणि निघून गेला. वायर राहिली. म्हणजे त्या पूर्ण संध्याकाळी ऑर्का त्या बंद टीव्हीत बोलत बसलं होतं. कुणी टीव्हीचं बटण दाबलं असतं तरी घरभर ऐकू आलं असतं.

दादाने पुतण्याला विचारलं, "अरे, वायर तरी काढायची की."

तो म्हणाला, "काका, पुढच्या रविवारी फायनल आहे ना."

चला, भेटू पुढच्या भागात.